एका कारकुनाची रोजनिशी

(मंडळाच्या वार्षिक संमेलनातील व्याख्यानाचा मजकूर)



मंडळाच्या चालकांनी आम्हांस ह्या व्यासपीठावरून चार शब्द बोलण्याची आज्ञा केली आणि विषयाची निवड आमच्यावरच सोपविली, ह्याबद्दल आम्ही त्यांचे ऋणी आहो. थोर पुरुषांची चरित्रे ह्या व्यासपीठावरून पुष्कळ वेळा सांगितली गेली आहेत. आज आम्ही एका साध्या कारकुनाविषयी बोलणार आहो, आणि तोही आपल्या देशातला नव्हे. हे ऐकून कोणी किंचित हसले तरी आम्हांस वाईट वाटणार नाही. परंतु ह्या सभागृहात बसलेल्या कुटुंबांपैकी कित्येकांच्या घरची चूल दोन-दोन, तीन-तीन पिढ्या सरकारी लेखणीवरच पेटत आली आहे. कोणाचे आजोबा मामलेदार कचेरीत, कोणाचे वडील सचिवालयात, कोणाचे रेल्वेच्या हिशेब खात्यात. बारनिशीची वही, आवक-जावक क्रमांक, फायलीवरचे शेरे ही भाषा आपल्या घरांत मुलांच्या कानी लहानपणापासून पडलेली असते. तेव्हा परक्या मुलखातला असला तरी हा कारकून आपणांस अगदीच परका वाटू नये.

त्याचे नाव जॉन बोशॅम्प जोन्स. अमेरिकेत १८६१ ते १८६५ ह्या काळात जे यादवी युद्ध झाले, त्या चार वर्षांत हा गृहस्थ बंडखोर दक्षिणी संस्थानांच्या युद्धखात्यात कारकून होता. दक्षिणेकडील अकरा संस्थाने मूळ संघराज्यातून फुटली आणि त्यांनी आपले वेगळे सरकार स्थापिले. त्याची राजधानी प्रथम माँटगोमेरी येथे व नंतर व्हर्जिनियातील रिचमंड येथे होती. ही फूट कशासाठी पडली, ह्याविषयी पुढे पुष्कळ रंगसफेदी करण्यात आली. पण त्या संस्थानांनी स्वतःच्या घटनेत गुलामांवरील मालकी हक्क स्पष्ट शब्दांत संरक्षिला होता, एवढे सांगितले म्हणजे पुरे. सुमारे पस्तीस लाख माणसे तेथे दुसऱ्याची मालमत्ता म्हणून जगत होती. हे आम्ही आरंभीच सांगून ठेवतो, कारण पुढे जोन्सच्या घरच्या हालअपेष्टा ऐकताना आपणांस त्याची कीव येईल, आणि ती येणे योग्यही आहे. मात्र तो ज्या सरकारची सेवा करीत होता, ते कशासाठी उभे होते हे दृष्टीआड होऊ नये.

जोन्सचा जन्म १८१० मध्ये बाल्टिमोर येथे झाला. तो मूळचा लेखक व संपादक. पश्चिमेकडील रानवट मुलखाच्या त्याच्या कादंबऱ्यांना त्या काळी चांगला खप होता. युद्धापूर्वी तो उत्तरेत राहत होता आणि फिलाडेल्फियातून दक्षिणेची बाजू मांडणारे एक पत्र चालवीत होता. एप्रिल १८६१ मध्ये युद्धाचे ढग जमून आले, तेव्हा आता येथे आपली धडगत नाही हे ओळखून, कुटुंब मागे ठेवून, तो दक्षिणेस निघाला. वय एक्कावन्न; बंदूक खांद्यावर घेण्याचे दिवस उलटलेले. त्याने नव्या सरकारच्या युद्धखात्यात कारकुनाची जागा मिळविली. ही जागा मागण्यात त्याचा एक अंतःस्थ हेतूही होता. एवढी मोठी घडामोड आतून पाहावी आणि ती रोजच्या रोज लिहून ठेवावी, हा तो हेतू. ८ एप्रिल १८६१ रोजी त्याने रोजनिशीचे पहिले पान लिहिले आणि १९ एप्रिल १८६५ रोजी शेवटचे. युद्धमंत्री एकामागून एक बदलले. वॉकर गेले, बेंजामिन आले, रँडॉल्फ आले, सेडन आले, शेवटी ब्रेकिनरिज आले. कारकून मात्र आपल्या मेजापाशी कायम! आपल्यातील जुन्या सेवानिवृत्त मंडळींना ह्याचे नवल वाटणार नाही.

येथे एक प्रश्न उभा राहतो, आणि तो आपल्या घरांतही कधी काळी उभा राहिला असेल. ज्याचे मीठ खावे, त्याच्या कचेरीतील गोष्टी खाजगी वहीत उतरवाव्यात काय? जोन्सच्या हातून मंत्र्यांकडे येणारा पत्रव्यवहार जात असे. सेनापतींची पत्रे, संस्थानांच्या गव्हर्नरांच्या तक्रारी, साध्या शेतकऱ्यांचे आणि सैनिकांच्या बायकांचे अर्ज ह्यांचा सारांश काढणे हे त्याचे काम होते, आणि त्यातले कितीतरी तो रात्री घरी वहीत टिपून ठेवी. काही काळ शहराबाहेर जाण्याचे परवाने देण्याचे कामही त्याच्याकडे होते. त्यामुळे कोण पळतो आहे, कोण कोणाच्या शिफारशीने सुटतो आहे, हेही त्याला दिसे. आपण अशी रोजनिशी ठेवीत आहो हे आपण अध्यक्षांस व युद्धमंत्र्यांस चिठ्ठी लिहून कळविले होते आणि तरीही त्यांनी आपणांस जागेवर राहू दिले, असे तो ग्रंथाच्या प्रस्तावनेत सांगतो. आमचे मत विचाराल तर, सांगून केलेली नोंद आणि चोरून केलेली नोंद ह्यांत मोठेच अंतर आहे. तथापि त्याने हे सांगितले ते सरकार बुडाल्यानंतर, हेही लक्षात ठेवले पाहिजे. ग्रंथ छापखान्यात जाण्यापूर्वी त्याने जुन्या पानांवर, विशेषतः आरंभीच्या भागावर, हात फिरविला असावा असा संशय अभ्यासकांनी व्यक्त केला आहे. पुढे काय घडणार ह्याविषयीची त्याची काही भाकिते इतकी बिनचूक ठरतात की आम्हांसही तो संशय रास्त वाटतो.

पण रोजनिशीचा एक भाग असा आहे की त्याच्यावर मागाहून हात फिरविण्याचे कोणालाही कारण नव्हते. तो म्हणजे बाजारभाव. आम्हांस ह्या ग्रंथाची गोडी लागली ती लढायांच्या वर्णनामुळे नव्हे. पीठ, लोणी आणि साबण ह्यांच्या भावांमुळे.

जानेवारी १८६३ च्या अखेरीस रिचमंडच्या एका वर्तमानपत्रात लहान कुटुंबाच्या आठवड्याच्या वाणसामानाचे एक कोष्टक आले, ते जोन्सने जसेच्या तसे उतरून ठेवले आहे. १८६० मध्ये दहा रत्तल खारविलेले मांस सव्वा डॉलरला मिळे, त्यास आता दहा डॉलर पडत. पाच रत्तल साखर चाळीस सेंटांस होती, ती पावणेसहा डॉलरांस झाली. तीन रत्तल लोणी पाऊण डॉलरचे सव्वापाच डॉलर झाले. चार रत्तल कॉफी अर्ध्या डॉलरात येत असे, तिला वीस डॉलर मोजावे लागत. सगळ्या यादीची बेरीज १८६० मध्ये ६ डॉलर ५५ सेंट होती. १८६३ मध्ये ती ६८ डॉलर २५ सेंट झाली. तीन वर्षांत दसपटीहून अधिक! आणि ही स्थिती युद्धाच्या मध्यावरची. जानेवारी १८६५ मध्ये पिठाचे एक पिंप हजार डॉलरांच्याही वर गेले आणि सोन्याचा एक डॉलर घ्यावयाचा तर सरकारी नोटांचे सुमारे साठ डॉलर द्यावे लागू लागले. कारकुनांचे पगार वाढले नाहीत असे नाही, ते वाढले. पण पगार वाढल्याचा हुकूम टेबलावर येईपर्यंत भाव त्याच्या पुढे निघून गेलेला असे.

हे असे का झाले? जोन्सचे स्वतःचे उत्तर ठरलेले होते : नफेखोर व्यापारी, परदेशी लोक, आणि विशेषेकरून ज्यू. ज्यूंविषयी त्याने जागोजाग जे विष ओकले आहे ते वाचवत नाही. बेंजामिन हे मंत्री ज्यू असल्यामुळे त्यांच्याविषयीही त्याच्या मनात अढी होती. एक सुशिक्षित मनुष्य रोज भाव लिहितो, रोज सरकारी पत्रव्यवहार वाचतो, आणि तरीही महागाईचे खापर शेजाऱ्याच्या जातीधर्मावर फोडतो, ह्याचा ज्ञातिसंस्थेच्या व्यासपीठावरून उच्चार करणे आम्हांस अगत्याचे वाटते. खरी कारणे त्याच्याच मेजावर पडलेली होती. त्या सरकारने कर फारच थोडा बसविला आणि खर्च भागविण्यासाठी नोटा छापल्या. चार वर्षांत सुमारे दीडशे कोटी डॉलरांच्या. उत्तरेच्या आरमाराने बंदरे कोंडली. आगगाड्यांचे रूळ व इंजिने झिजून गेली आणि नवी मिळेनात. रिचमंडची वस्ती युद्धापूर्वी अडतीस हजारांच्या आसपास होती, ती एक लक्षाच्या वर गेली. त्यातच मार्च १८६३ मध्ये असा कायदा झाला की लष्करासाठी धान्य सरकारी दराने सक्तीने उचलता यावे. मग कोणता शेतकरी शहरात गाडी आणील? वाटेतच अधिकाऱ्याने ती अडवावी आणि बाजारच्या निम्म्या दराची पावती हाती ठेवावी! धान्य खेड्यात राहिले आणि शहर उपाशी राहिले.

त्या कायद्यानंतर आठवडाभरातच, २ एप्रिल १८६३ रोजी, रिचमंडमध्ये बायकांचा दंगा झाला. सकाळी शेकडो स्त्रिया राजभवनाच्या चौकातून निघाल्या. जोन्सने ते पाहिले. हा जमाव कोठे चालला आहे असे त्याने एका फिकुटलेल्या मुलास विचारले, तेव्हा हाडे निघालेली एक तरुण स्त्री हसून म्हणाली की आम्ही काही खावयास मिळविण्यास निघालो आहो. पुढे त्या जमावाने दुकाने फोडली, पीठ, मांस आणि जोडे नेले. अखेर अध्यक्ष जेफर्सन डेव्हिस स्वतः तेथे आले, खिशातील नाणी त्यांनी गर्दीत फेकली आणि पांगला नाहीत तर गोळ्या झाडण्यात येतील असे बजावले. आता कचेरीतील हकीकत ऐका. त्याच दिवशी युद्धखात्याकडून शहरातील वर्तमानपत्रांस विनंती गेली की ह्या प्रसंगाविषयी काहीही छापू नये, आणि तारायंत्रानेही ही वार्ता बाहेर जाऊ देऊ नये. म्हणजे त्या खात्याचे दफ्तर ही गोष्ट झाकण्याच्या उद्योगात होते आणि त्याच खात्याचा कारकून ती रात्री घरी लिहून ठेवीत होता. सगळीच पत्रे गप्प बसली नाहीत, वार्ता फुटलीच. परंतु सरकारी कागद आणि कारकुनाचा खाजगी कागद ह्यांच्यातील भेद ह्याहून स्पष्टपणे दाखविणारे उदाहरण आम्हांस दुसरे आठवत नाही.

आता जोन्सच्या घरात डोकावू. कुटुंब मागाहून येऊन मिळाले होते. घरामागच्या तुकड्यात त्याने कोबी आणि टोमॅटो लावले. पाऊस पडला की नाही, रोपे धरली की नाही, हे लीच्या सैन्याच्या हालचालींच्या शेजारीच लिहिलेले आढळते. १८६३ च्या फेब्रुवारीत त्याची धाकटी मुलगी स्वयंपाकघरात असता बिळातून उंदराचे एक पिल्लू आले आणि काही मागत असल्यासारखे उभे राहिले. तिने भाकरीचा तुकडा पुढे धरला, तो त्याने तिच्या हातूनच खाल्ला. पाठोपाठ आणखी काही आले, मांजराच्या पिलांसारखे माणसाळलेले. ही हकीकत लिहून, कदाचित आपणांस हेच उंदीर खावे लागतील, असे तो अर्धवट थट्टेने म्हणतो. त्याच वसंतात त्याने लिहिले की आपले वजन वीस रत्तलांनी घटले आहे, बायकामुलेही रोडावली आहेत, पण घरात कुरकूर नाही. पुढील वर्षीच्या मार्चमध्ये मुलीची मांजर मांसावाचून झोकांड्या खाऊ लागली. माणसांच्या वाट्यासही दिवसाकाठी दोन औंस, म्हणजे आपल्या जुन्या मापाने पाच तोळे मांससुद्धा येत नव्हते, आणि आपणही मधूनमधून झोकांडी खातो की काय असा त्यास भास होई. टाचण्या इतक्या दुर्मिळ झाल्या होत्या की रस्त्यात पडलेली टाचणी भले भले लोक वाकून उचलीत. आपल्या भगिनींना ह्या एका टाचणीवरून त्या शहराची जेवढी कल्पना येईल, तेवढी सेनापतींच्या खलित्यांवरून येणार नाही असे आम्हांस वाटते.

जोन्सच्याच कचेरीत आणखी एक मनुष्य रोजनिशी लिहीत होता, ही मौजेची गोष्ट आहे. युद्धखात्याच्या मुख्य कार्यालयाचा प्रमुख रॉबर्ट कीन हा तरुण वकील होता. मंत्री रँडॉल्फ ह्यांच्या पुतणीचा तो नवरा, आणि जोन्सची त्याच्यावर मुळीच मर्जी नव्हती. नातेवाइकांच्या वशिल्याने वर चढणाऱ्यांविषयी जुन्या कारकुनांचे मत सर्व देशांत सारखेच असावे! कीनची रोजनिशी घरातल्या घरात राहिली आणि १९५७ मध्ये ग्रंथरूपाने छापली गेली. तिच्यात घरखर्च थोडा आणि राज्यकारभार फार. अध्यक्ष डेव्हिस क्षुल्लक कागदांत कसे गुरफटून जातात, मंत्र्यांस स्वतःचा निर्णय म्हणून कसा राहत नाही, हे त्याने थंड डोक्याने नोंदविले आहे. एकाच छपराखालची ही दोन माणसे, आणि दोघांच्या कागदांत दोन वेगळी सरकारे दिसतात. आम्ही वाचकांस दोन्ही शेजारी ठेवून वाचण्याची शिफारस करू.

आणि तरीही दोघांच्याही वहीत एक मोठी रिकामी जागा आहे. ज्या गुलाम माणसांनी त्या शहरातील इस्पितळे, ओतकारखाने, खंदक आणि स्वयंपाकघरे चालविली, त्यांचा दिवस कसा गेला, त्यांच्या ताटात किती तोळे पडले, हे त्या वह्यांत नाही. ते उल्लेखिले जातात ते भाड्याच्या रकमेने किंवा पळून गेल्याच्या बातमीने. १३ मार्च १८६५ रोजी, सर्वस्व हातचे जाण्याच्या बेतात असता, त्या सरकारने काळ्या माणसांना सैन्यात घेण्याचा कायदा केला, आणि मगच हे लोक माणसे म्हणून कारकुनांच्या टिपणांत शिरू लागले. कागद खरा असतो, पण तो लिहिणाऱ्याच्या नजरेइतकाच.

त्या युद्धाचा आपल्या मुंबईशीही संबंध होता. दक्षिणेचा कापूस अडकल्यामुळे लँकेशायरच्या गिरण्यांनी हिंदुस्थानी कापसाकडे धाव घेतली आणि मुंबईत पैशाचा पूर आला. प्रेमचंद रायचंदांचे नाव सर्वतोमुखी झाले, नव्या बँका आणि समुद्र हटविण्याच्या कंपन्या निघाल्या, आणि शेअरांच्या सौद्यांत व्यापारीच काय, नोकरदारही उतरले. ज्या दिवसांत रिचमंडचा कारकून उंदरांकडे पाहत होता, त्याच दिवसांत मुंबईतील लोक कागदी नफ्याची बेरीज करीत होते. एप्रिल १८६५ मध्ये लीने शरणागती पत्करली, कापसाचे भाव कोसळले आणि १ जुलै १८६५ ह्या सौदे मिटविण्याच्या दिवशी मुंबईतील कित्येक घरे बसली. जुनी बँक ऑफ बाँबेही त्या धक्क्यातून सावरली नाही; १८६८ मध्ये तिचे काम गुंडाळावे लागले. प्रेमचंदांच्या देणगीचा राजाबाई मनोरा आपण सर्वांनी पाहिला आहे. त्या पडझडीत बुडालेल्या एखाद्या मराठी कारकुनाची वही मात्र आम्हांस अद्याप पाहावयास मिळालेली नाही.

रिचमंडचा शेवट थोडक्यात सांगतो. २ एप्रिल १८६५, रविवार. बायकांच्या दंग्यास त्या दिवशी बरोबर दोन वर्षे झाली होती. अध्यक्ष प्रार्थनामंदिरात असता, शहर सोडावे लागेल अशी लीची तार आली. रात्री सरकार आगगाडीने निघाले, कोठारांना लावलेली आग पसरून बाजारपेठ जळाली, आणि युद्धखात्याची कचेरी जेथे होती ती इमारतही भस्मसात झाली. खात्याच्या पेट्या काही आधीच हलविल्या होत्या. त्या शार्लटपर्यंत पोचल्या, आणि त्या जाळू नयेत ह्याविषयी ब्रेकिनरिज ह्यांनी कटाक्ष ठेवला. विजयी सरकारनेही हे शत्रूचे कागद फेकले नाहीत. उभय पक्षांचे कागद मिळून १८८० ते १९०१ ह्या काळात एकशे अठ्ठावीस ग्रंथ छापले गेले. हरलेल्याचे दफ्तर जिंकणाऱ्याने छापावे, ही गोष्ट आम्हांस त्या युद्धातील कित्येक लढायांहून मोठी वाटते.

जोन्स सरकारबरोबर गेला नाही. घरच्या माणसांसह तो रिचमंडमध्येच राहिला. आपण त्या सरकारशी निष्ठेची शपथ कधीच घेतली नव्हती, तथापि आपण त्याच्याशी प्रामाणिक राहिलो, अशा अर्थाचे शब्द लिहून त्याने वही मिटली. नंतर तो उत्तरेतील आपल्या बर्लिंग्टन गावी परतला, वह्या छापखान्याकडे दिल्या आणि फेब्रुवारी १८६६ मध्ये मरण पावला. त्याच वर्षी फिलाडेल्फियास दोन खंडांत ग्रंथ निघाला. तेव्हापासून तो पुनःपुन्हा छापला गेला आहे. जेम्स रॉबर्टसन ह्यांनी टीपांसह संपादिलेली आवृत्ती २०१५ मध्ये निघाली.

आता मुख्य विनंती. मुंबईत मे १९४३ मध्ये शिधावाटप सुरू झाले. त्या वर्षीची वाण्याची वही, शिधापत्रिका, आजोबांनी नोकरीच्या गावाहून आजीस लिहिलेली पत्रे आपल्यापैकी किती घरांत असतील? घर बदलताना, जुनी चाळ पाडून नवी इमारत उठताना, पहिली गाडी रद्दीवाल्याची येते, हे आम्ही वारंवार पाहिले आहे. ज्यांच्या माळ्यावर अशी ट्रंक असेल त्यांनी ती एकदा खाली उतरवावी. गंजलेल्या टाचण्या काढाव्यात, फाटलेल्या पानांना चिकटपट्टी लावू नये, प्लास्टिकमध्ये घालून मढवू नये. कोरड्या जागी सुती कापडात बांधून ठेवावे. पत्रांतील दादा, अण्णा, माई म्हणजे कोण, हे सांगू शकणारी वडीलधारी माणसे आहेत तोवर त्यांच्याकडून विचारून वेगळ्या कागदावर लिहून घ्यावे, कारण तेवढे पुढे कोणत्याही दफ्तरात मिळत नाही. कोणाचे खाजगी दुःख त्या पत्रांत असेल, तर ती दाखविण्याची सक्ती कोणी करणार नाही. कागद घरीच राहू द्यावेत. कोणत्या घरी कोणत्या सालचे काय आहे, एवढीच यादी करण्याचा आमचा विचार आहे. संमेलन संपल्यावर दाराजवळच्या मेजावर एक वही ठेवलेली असेल. जाताना तिच्यात आपले नाव, गाव आणि कागदांचे साल लिहून जावे.